धोबी आला

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी पाखरांवर लिहीन असे त्यांना वाटले नसेल. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती पाखरांच्या इतिहासातलीच आहे.

आमच्या सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख, उपास सारे लिहीत. भाद्रपद-आश्विनाच्या पानावर मात्र दरवर्षी एकदाच 'धोबी आला' असे असे. आमच्याकडे कपडे तर घरीच धुतले जात. सासूबाई गेल्यावर तीसएक वर्षांची ती कॅलेंडरे मी रद्दीत घातली.

आता जरा मागे जाऊ. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ गृहस्थ भायखळ्याच्या म्युझियममध्ये जमले आणि बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यांत आपले दोघे होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे आपल्या डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. महिन्यातून एकदा भेटावे, कोणी काय पाहिले ते सांगावे, नमुने दाखवावेत, एवढाच बेत. आपल्या मंडळाची बैठक तरी दुसरी काय असते! आठांत बाई एकही नव्हती, हे सांगायला नकोच.

1886 पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले आणि अशी टिपणे छापून राहिली. 1959 साली सोसायटीने पाखरांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पाखरांबरोबर दूरदेशीचे रोग येतात की काय, ही शंका तेव्हा होती, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य केले. कडे घातलेले पाखरू पुन्हा कोठे सापडले की त्याची वाट कळे. मात्र ते आपल्या दारी केव्हा येते, हे दारात राहणाऱ्यानेच लिहावे लागते. दिल्लीच्या उषा गांगुलींनी तसे वर्षानुवर्षे लिहिले. त्यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1975 साली निघाले.

एका ऑक्टोबरात शेजारच्या मुलांबरोबर पहाटे पाखरे पाहायला गेले. तळ्याकाठी एक सडपातळ पाखरू तुरुतुरु चालत शेपटी खालीवर आपटीत होते. बरोबरचा मुलगा म्हणाला, "काकू, हा धोबी. उन्हाळ्यात हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे घरटी करतो, पाऊस सरता सरता आपल्याकडे उतरतो." कपडे आपटल्यासारखी शेपटी, म्हणून धोबी. कोणी परीटही म्हणतात. मी तेथेच दगडावर बसले. हळद्या दिसला म्हणून मुले पुढे धावली, माझे तिकडे लक्ष लागेना.

सासूबाई चौथी शिकलेल्या. तीस वर्षे एका जागी उभे राहून ठेवलेली नोंद मी किलोच्या भावाने विकली. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले एकच कॅलेंडर उरले आहे, 1987 चे. त्यात 19 सप्टेंबरला, पितृपक्षातल्या चौकटीत, शिसपेन्सिलीने लिहिले आहे: 'धोबी आला. गच्चीवर. एकटाच.'

तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुनी कॅलेंडरे असतील तर कोजागिरीच्या बैठकीला घेऊन या. रद्दीवाल्याला देण्याआधी भाद्रपद-आश्विनाची पाने मला एकदा पाहू द्या.