आडांत आहे काय?

आम्हां ठाणेकरांच्या मासुंदा तलावाभोंवतीं किंचित् उंचसखल अशी तार बसवून तिच्यावर रबराचा पडदा ताणला, अशी कल्पना करूं. पडद्याला कोणता तरी आकार येणारच. मग त्याच्या समीकरणाला उत्तर आहे, हें सिद्ध कशाला करावें? 1851 सालीं रीमाननेंही असेंच गृहीत धरिलें: ज्या आकारांत ताणाची शक्ति सर्वांत कमी, तेंच उत्तर. परंतु 1870 सालीं वायरस्ट्रासनें असा दाखला पुढें केला कीं, एक राशि शून्याच्या हवी तितकी जवळ नेतां येते, पण तिला शून्य करणारें योग्य फलनच नाहीं. आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?

हिल्बर्टनें 1900 सालीं रीमानचा मार्ग पुन्हां मोकळा केला. पुढें फलनांचाच एक अवकाश कल्पिण्यांत आला. एकेक फलन म्हणजे त्यांतील एकेक बिंदु. अवकाश पुरेसा विस्तृत घेतला, म्हणजे उत्तराच्या जवळ जवळ जाणाऱ्या फलनांची सीमा त्याच्या बाहेर पडत नाहीं. अशा रीतीनें अस्तित्व आधीं सिद्ध होतें; उत्तर गुळगुळीत आहे कीं नाहीं, हें मागाहून पाहावयाचें. ही विद्या फ्रेंच गणिती झाक-लुई लियाँस यांनीं 1957 सालीं आमच्या शेजारीं मुंबईस, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, व्याख्यानें देऊन शिकविली.

पडदा निसर्ग ताणतो, समीकरण मात्र मनुष्य मांडतो. तें चुकीचें मांडलें असल्यास निसर्ग त्याला जामीन राहत नाहीं. ठाणें-कल्याणच्या खाडीवरील पुलाचें गणित आज आपण संगणकाकडे सोंपवितों. पण उत्तर नसलें तरी तो आंकडे देऊं शकतो. म्हणून पोहरा सोडण्यापूर्वीं आडांत डोकावणें बरें.