मोडीत काढण्यापूर्वी



विंचूरला बोलायला उभं राहायचं तर आधी विठ्ठल शिवदेवांचं नाव घ्यायला हवं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर लढून जे सरदार जिवंत परतले, त्यांत विंचूरकर होते. हे आपल्याला कसं कळलं? आपण पटकन म्हणतो, त्या काळची पत्रं टिकली म्हणून. हे उत्तर अर्धंच आहे. पत्रं टिकली आणि ती वाचणारी माणसंही टिकली, म्हणून कळलं. १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं आहेत. मूळ पत्रं मोडीतली, आणि राजवाड्यांना मोडी येत होती.

आजचा विषय खरं तर संगणकाचा आहे. जुना संगणक मोडीत काढताना त्याच्या चुंबकीय टेपांवर साठवलेल्या माहितीचं काय करायचं? तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा इथे काय संबंध? सांगतो. पण आधी मोडीचीच गोष्ट पुरी करू.

१९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध वापरायचं ठरवलं. शाळांतून मोडी साधारण १९५० च्या दशकापर्यंत शिकवली जात होती. म्हणजे जुनी आणि नवी लिपी दोन्ही येणारी एक अख्खी पिढी आपल्याकडे होती. त्या पिढीकडून सगळे कागद बाळबोधीत उतरवून घेणं शक्य होतं का? सगळे नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ते केवढं मोठं काम, आणि तरी ते निवडकच! पण निदान कोणत्या रुमालात काय आहे याची तपशीलवार यादी त्या पिढीकडून करून घेता आली असती. ती पूर्ण झाली नाही.

त्याची किंमत आपण परवा-परवा मोजली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कागद समोर होता, पणजोबाचं नाव त्यावर होतं, पण घरात ते कुणाला लागत नव्हतं. एखाद्याचा दाखला, एखाद्याची जमीन अशा एका ओळीवर अडून राहते.

आता टेपकडे येऊ. टेप नुसती डोळ्यांनी पाहिली तर काहीच दिसत नाही. ती वाचायला त्याच जातीचं वाचनयंत्र लागतं, म्हणजे ड्राइव्ह. ड्राइव्ह जोडायला त्या काळचं कार्ड, कार्ड ओळखणारी प्रणाली, आणि ज्या प्रोग्रामने साठवण केली तो प्रोग्राम. एवढं जमलं तरी हाती येते नुसत्या आकड्यांची रांग. त्यातले कोणते सहा आकडे क्रमांकाचे आणि कोणते तीन गुणांचे, हे लिहून ठेवलेलं नसेल तर कपाळाला हात! हल्लीच्या एलटीओ टेपांचंच पाहा. सातव्या पिढीचा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचायचा, आठव्या पिढीचा मागची एकच वाचतो. टेप धडधाकट असते, तिला वाचणारा घरातून निघून गेलेला असतो.

माझी एक चूक इथे सांगितली पाहिजे. संस्थेचं नाव घेत नाही. जुना संगणक काढायचा होता, निर्लेखन समितीत मी होतो. कुणीतरी विचारलं, “जुने निकाल?” मी म्हणालो, “टेपा आहेत ना कपाटात!” आणि सही केली. ड्राइव्ह संगणकाबरोबर भंगारात गेला. काही वर्षांनी एक माजी विद्यार्थिनी आली. परदेशात नोकरी लागत होती, गुणांची पडताळणी हवी होती. रजिस्टरची नेमकी ती पानं पावसात भिजलेली. टेपा काढल्या, खटपट करून कुठून तरी ड्राइव्ह मिळवला, टेप चालली. पण रचना कुणालाच कळेना. ती ज्यांना पाठ होती ते ऑपरेटर तोवर वारले होते. पुढे दुसऱ्या मार्गाने तिचं काम झालं, पण आठ महिने गेले. नोकरी तोवर थांबली नाही. माझी सही मात्र त्या कागदावर आहे.

इथे तत्त्वज्ञान कामाला येतं. शब्दाचा अर्थ मूल कसं शिकतं, यावर आपल्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी बारकाईने विचार केला. त्यांचं एक उत्तर आहे वृद्धव्यवहार. एक मोठा म्हणतो “गाय आण”, दुसरा आणतो, आणि मूल ते पाहून शिकतं. म्हणजे शब्द आणि अर्थ यांचं नातं वापरणाऱ्यांच्या व्यवहारात जिवंत राहतं. वापरणारे गेले की शब्द उरतो, अर्थ तुटतो. त्या ऑपरेटरबरोबर आमच्या टेपेचा अर्थ तसाच तुटला.

उलट उदाहरणही आहे. १९६६-६७ मध्ये अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली, ती टेपांवर होती. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी त्या टेपा नष्ट होऊ दिल्या नाहीत. शिवाय त्या वाचणारी अवजड यंत्रंही मिळवली आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००८ साली ती यंत्रं दुरुस्त झाली आणि चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचं १९६६ चं चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट निघालं. आपल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचंही तसंच. २०१० ते २०१२ मधली तिची निरीक्षणं संग्रहात वाचता येतील अशी ठेवली होती. म्हणून वेगळ्या गटाला ती नव्या पद्धतीने तपासता आली आणि २०१६ मध्ये आकाशातल्या सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी तयार झाली.

तेव्हा पतसंस्था असो, बाजार समिती असो की शाळा, जुना संगणक काढताना एवढं करा. जुनं आणि नवं काही काळ शेजारी-शेजारी चालू ठेवा. प्रत्येक टेप शेवटपर्यंत वाचून पाहा. नुसत्या यादीवर विश्वास ठेवू नका. उतरवलेल्या नोंदी मोजा, मूळ संख्येशी ताडा. माहिती साध्या स्वरूपात ठेवा आणि कोणत्या रकान्यात काय आहे ते मराठीत, कागदावर लिहा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा वाचायची तारीख आजच ठरवा. हे सगळं होईपर्यंत भंगारवाल्याला बोलावू नका. आणि ज्या माणसाला जुनी पद्धत पाठ आहे, त्याच्या निरोप समारंभाआधी दोन दिवस त्याच्यासमोर वही घेऊन बसा.

मोडीच्या वेळी आपल्याकडे चाळीसेक वर्षं होती. यंत्रं बदलताना एवढी सवड मिळत नाही. तुमच्या घरी मोडी कागद असतील तर उद्या काढा, कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि निर्लेखनाच्या कागदावर सही करायची वेळ आली, तर आधी विचारा: हे वाचणार कोण?