घाटाचा हिशेब : पनवेल, बोरघाट आणि इंधनाच्या काटकसरीची दोनशे वर्षे

१/ नवी गाडी घरी आली की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न पेट्रोलच्या जमान्यातला वाटतो. प्रत्यक्षात पनवेलच्या रस्त्यावर तो पेट्रोल येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून विचारला जात आहे. तेव्हा इंधन होते कडबा आणि पेंड, आणि इंजिन होते बैलांची जोडी. आजचा थ्रेड त्या दीर्घ हिशेबाविषयी.

२/ नकाशावर पनवेल पाहा. पश्चिमेला खाडी, खाडीपलीकडे मुंबई. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्या माथ्यावर देश. देशावरचा माल मुंबईस जायचा तर तो घाट उतरून पनवेलच्या बंदरात यायचा आणि तेथून गलबतांनी पुढे जायचा. या व्यापारावर गाव इतके वाढले की १८५२ सालीच येथे नगरपालिका स्थापन झाली. घाट मात्र मालाच्या प्रत्येक मणामागे आपला कर वसूल करीत असे, आणि तो कर जनावरांच्या श्रमात भरावा लागे.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बोरघाटातून माल जायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. एक बैल पाठीवर साधारण शंभर किलोच्या आसपास ओझे नेतो. तेच दोन बैल बऱ्या रस्त्यावर गाडीला जुंपले, तर अर्ध्या टनाहून अधिक माल ओढतात. जनावरे तीच आणि चाराही तोच, तरी काम दुपटीहून जास्त. हा फरक बैलांच्या जातीचा नव्हे. तो चाकाचा आणि रस्त्याचा आहे.

४/ म्हणून बोरघाटाच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणजे रस्ता. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने (हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) तोफा नेता याव्यात म्हणून येथे वाट करवून घेतली. ती लष्करी गरज होती. व्यापारी गाड्यांना चालेल असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत झाला आणि नोव्हेंबर १८३० मध्ये तो खुला करण्यात आला. पाठीवरच्या गोण्या आता गाडीत आल्या.

५/ या रस्त्याने पनवेलला एक नवा धंदा दिला. ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते की पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणजे गाड्या आणि गाडीची चाके बनवणे. देशावरून आलेला गाडीवान शक्यतो चाकांची एक जोडी घेऊनच परते. गाडीवानाने इतक्या लांबून येऊन चाकेच का न्यावीत?

६/ उत्तर चाकाच्या रचनेत आहे. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांना जोडणारे पुठ्ठे, आणि या सर्वांना करकचून आवळणारी लोखंडी धाव. तुंबा ढिला पडला की चाक डुगडुगते, धाव सैल झाली की पुठ्ठे झिजतात, वंगण आटले की आख घासतो. यातील प्रत्येक दोषाची किंमत बैलाच्या मानेला मोजावी लागते. उत्तम चाक ही गाडीवानाची चैन नव्हती. ती चाऱ्याची बचत होती.

७/ शिवाय बैल या इंजिनाची एक खोड आहे. ते बंद करता येत नाही. गाडी उभी असली तरी बैल खातोच. त्यामुळे बंदरावर माल उतरण्यास लागलेला उशीर किंवा घाटात अडकलेली रांग थेट गाडीवानाच्या कनवटीवर येई. सिग्नलला इंजिन सुरू ठेवून उभ्या असलेल्या आजच्या गाडीचे दुखणे नेमके हेच आहे. फरक इतकाच की आपल्याला किल्ली फिरवण्याची सोय आहे.

८/ मग आगगाडी आली. बोरघाटातील लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अत्यंत कमी घर्षणाने फिरते, म्हणून एका टनामागे लागणारी शक्ती रस्त्याच्या मानाने कितीतरी कमी असते. पण चढ रुळालाही चुकत नाही. येथील सर्वांत खडा चढ ३७ फुटांत १ फूट असा आहे, आणि आजही गाड्यांना मागून जादा इंजिने लावून वर ढकलावे लागते.

९/ हा लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूला पडले. गावात रूळ पोहोचले ते शंभर वर्षांनी, विसाव्या शतकाच्या साठीत. दरम्यान पनवेलला पुन्हा वाटेवर आणले ते मोटारीने. मुंबई-पुणे रस्ता पनवेलवरूनच जात होता. १८३० चा घाट आता पेट्रोलवर चढला जाऊ लागला, आणि पेट्रोल समुद्रापलीकडून येत होते. कडब्यापेक्षा या इंधनाची दोरी फार दूरच्या हातात होती.

१०/ ती दोरी पहिल्यांदा आवळली गेली दुसऱ्या महायुद्धात. १९४१ मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. अनेक बस आणि मालमोटारींना लोणारी कोळशाची भट्टी जोडण्यात आली. भट्टीत कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. गाडी चाले, पण ताकद बरीच घटे. सपाटीवर ते निभावून जाई. चढावर मात्र इंजिनाचा दम उखडे.

११/ दुसरा आवळा १९७३ चा. ऑक्टोबरमधील अरब-इस्राएल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दिल्लीत पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत आले. पनवेलच्या दृष्टीने या प्रसंगात एक विचित्र न्याय आहे. ज्या वाहनाला पेट्रोलने हद्दपार केले होते, तेच पेट्रोलविरुद्ध साक्षीस उभे राहिले.

१२/ देशाने दोन उपाय केले. एक, तेल शोधले. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये बॉम्बे हायचा शोध लागला आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. ओएनजीसीची वसाहत पनवेलला आहे ती याच कथेचा भाग. दुसरा उपाय म्हणजे तेल वाचवणे. त्यासाठी १९७८ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत पीसीआरए ही संस्था उभी राहिली.

१३/ पीसीआरएचा उपदेश अनेकांनी पेट्रोल पंपावरील फलकांवर वाचला असेल. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग राखा, टायरमधील हवा तपासा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, थांबल्यावर इंजिन बंद करा. आता सहावा आणि सातवा मुद्दा पुन्हा वाचा. घट्ट धाव म्हणजे टायरची हवा, वंगण म्हणजे वेळेवर बदललेले ऑइल, उभा बैल म्हणजे सिग्नलवरचे इंजिन. पनवेलच्या सुताराला या फलकात नवे काही आढळले नसते.

१४/ १९८० च्या दशकात काटकसर हीच विक्रीची भाषा झाली. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० ने लिटरला ८० किलोमीटरचा दावा केला आणि मध्यमवर्गाच्या मनात 'ॲव्हरेज' हा शब्द कायमचा रुजवला. तेव्हापासून आपण ॲव्हरेज हा गाडीचा गुण मानू लागलो. घाट मात्र सांगतो की तो निम्मा रस्त्याचा आणि चालकाचा गुण आहे.

१५/ थोडे गणित करू. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. १ टनाची मोटार नुसती तेवढी उचलायला इंजिनाला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागते. २० टनांच्या ट्रकला सात लिटरांच्या आसपास डिझेल. कंपनी कोणतीही असो, हा कर माफ होत नाही. अभियंता इतकेच करू शकतो की वळणे, थांबे आणि पुन्हा पुन्हा वेग घेणे कमी व्हावे.

१६/ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने तेच केले. कळंबोलीपासून निघणारा ९४.५ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्णतः खुला झाला. गावे, चौक आणि समोरून येणारी वाहने यांतून वाहतूक सुटली. गाडी एका वेगाने चालू लागली, आणि एका वेगाने चालणे हीच इंधनबचतीची पहिली पायरी आहे.

१७/ मग वाचलेले इंधन गेले कुठे? बरेचसे वेगात गेले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. उरलेले गेले फेऱ्यांत. मार्ग सोपा झाला, म्हणून प्रवास वाढले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबाबत बजावले होते की इंजिने काटकसरी झाली की कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढतो.

१८/ आता या इतिहासातील सर्वांत महाग काटकसर. घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. आजच्या इंजेक्शन इंजिनात ही बचत मुळात खोटी आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते.

१९/ आणि इंजिनाचा अटकाव गेला की सारा भार ब्रेकवर येतो. २० टनांचा ट्रक ५०० मीटर खाली येतो तेव्हा सुमारे ३०० लिटर पाणी उकळावे इतकी उष्णता कुठेतरी जायला हवी. ती सर्व ब्रेकमध्ये गेली तर ब्रेक तापून निकामी होतात. उतारावर ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांनी या घाटात किती घरे उजाड केली, हे खोपोलीच्या रहिवाशांना सांगावे लागत नाही.

२०/ जुन्या लोकांना हे ठाऊक होते. गाडीवान उतारावर चाकाला अटकाव करूनच गाडी सोडी. रेल्वेने तर घाटात 'कॅच सायडिंग' ठेवली, म्हणजे बेफाम सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवणारे रूळ. चढताना खर्चिलेले सगळे उतरताना वसूल करण्याचा मोह त्यांनी धरला नाही. न्यूट्रलचा मोह हा आमच्या काळाचा आहे.

२१/ काटकसरीचा शहाणा मार्गही याच परिसरात सापडतो. पनवेलहून दक्षिणेला कोलाड येथे कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रो-रो सेवा सुरू केली. मालाने भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या वाघिणींवर चढवून गोव्यात वेर्ण्यापर्यंत न्यायचे. ट्रकचे इंजिन बंद, चालक निवांत, आणि १८६३ चा धडा कामाला : लोखंडी रुळावर ओझे हलके होते.

२२/ खोपोली ते कुसगाव हा 'मिसिंग लिंक' प्रकल्प त्याच मालिकेतला. बोगदे आणि उंच पूल यांमुळे द्रुतगती मार्गाचे अंतर सुमारे ६ किलोमीटरने कमी करणे हा त्याचा हेतू. १८०४, १८३०, १८६३, २००२ आणि आता हा. घाट सोपा करण्याचा दोनशे वर्षांचा उद्योग अजून चालूच आहे. प्रत्येक वेळी रस्त्याने बचत दिली. ती टिकली की उधळली गेली, हे गाडी हाकणाऱ्याने ठरवले.

२३/ तेव्हा पुढच्या वेळी कळंबोलीहून निघाल टायरची हवा पाहा, वेग ८० च्या आसपास ठेवा, आणि उतरताना गिअर सोडू नका. पनवेलच्या चाकांवर देशावरून येणारा गाडीवान हे अक्षर न वाचता जाणत होता. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या घाटातल्या एसटीच्या किंवा ट्रकच्या आठवणी असतील, तर त्या विचारून खाली जरूर लिहा. अशा आठवणी लिहून ठेवल्या नाहीत तर त्या त्यांच्याबरोबरच जातात.

थ्रेड समाप्त.