इंजिनावरचा डबा आणि पुराव्याचं ओझं

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे बहुतेकदा आपल्याकडची पिकअप. तिच्या इंजिनाला हल्ली अनेक मालक एक छोटा डबा जोडतात, ऑइल कॅच कॅन. डबा बसला की लगेच प्रश्न येतो: कंपनीची वॉरंटी गेली का? हा प्रश्न नुसता नटबोल्टचा नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यात वाद झाला तर सिद्ध कोणी करायचं, हा त्यामागचा जुना प्रश्न आहे. म्हणून या डब्याचा इतिहास मला सांगण्यासारखा वाटतो.

इंजिनात स्फोट झाला की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि तिथली तेलाची वाफ सोबत घेतो. तो बाहेर काढावाच लागतो, नाहीतर दाब वाढून सील फुटतात. पूर्वी एक नळी गाडीखाली मोकळी सोडलेली असे. वाफ थेट रस्त्यावर. पुढे लॉस एंजेलिसचं आकाश धुरक्याने भरलं. 1950च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की गाड्या आणि कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडून हे धुरकं तयार होतं. मग 1961च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि 1963च्या मॉडेलपासून देशभरातल्या नव्या गाड्यांत ही वाफ एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनातच जाळायला सुरुवात झाली. हाच पीसीव्ही व्हॉल्व्ह.

हवेचा फायदा झाला, पण तेल इंजिनाच्या श्वासात आलं. जुन्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडायचं आणि ते धुऊन निघायचे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरात जातं. व्हॉल्व्हवर तेल बसतं आणि भाजून काजळी होते. काही कंपन्यांनी दोन्ही जागी इंजेक्टर देऊन यावर उपाय काढला. फोर्डने 2017च्या एफ-150च्या 3.5 लिटर इकोबूस्ट इंजिनात तेच केलं. बाकीचे मालक वाफेच्या वाटेत डबा लावतात. वाफ थंड होते, तेल तळाला बसतं, उरलेला वायू पुढे जातो.

आता वॉरंटी. अमेरिकेत ‘आमचाच पार्ट वापरा, नाहीतर हमी संपली’ असं बजावण्याची सवय कंपन्यांना होती. सिनेटर वॉरेन मॅग्नुसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावाच्या कायद्यावर 4 जानेवारी 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली आणि अशी अट घालायला मनाई झाली. बाहेरचा पार्ट दिसला एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. बिघाड त्याच पार्टमुळे झाला हे कंपनीने दाखवायला हवं. तरीही सवय जात नाही. 2018मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला 6 कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवावी लागली.

हे वाचताना मला आपलं फिकह आठवतं. मालात लपलेला दोष निघाला तर तो परत करण्याचा हक्क, म्हणजे खियार-ए-ऐब, फकीहांनी शतकांपूर्वी मांडला. उस्मानी सल्तनतीत 1869 ते 1876 या काळात हनफी फिकहवरून तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेत एक बारकावा आहे. ग्राहकाच्या हातात मालात नवा दोष आला, तर तो माल परत करू शकत नाही. पण जुन्या दोषामुळे कमी झालेली किंमत मागू शकतो. म्हणजे नव्या दोषाने जुना हक्क पूर्ण पुसला जात नाही. आणि पुरावा द्यायचा तो दावा करणाऱ्याने, हे तत्त्वही त्याच संहितेत आहे. डबा दिसला म्हणून सगळीच जबाबदारी झटकणारी कंपनी या दोन्ही कसोट्यांवर नापास होते.

आपल्याकडेही हा प्रश्न आला. ऑगस्ट 2014मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना दंड केला आणि बजावलं, की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हे गॅरेजवाले कोण? सच्चर समितीने 2006च्या अहवालात वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत मुसलमानांचं प्रमाण मोठं असल्याची नोंद केली आहे. भिवंडी, कुर्ला, मालेगाव इथल्या मिस्त्रींच्या रोजीचा हा सवाल आहे. ‘बाहेर हात लागला की गाडी बाद’ हे वाक्य ग्राहकाला घाबरवतं आणि मिस्त्रीच्या कारागिरीवर पुराव्याशिवाय ठपका ठेवतं.

पण हक्कासोबत अमानत येते. डबा वेळेवर रिकामा केला नाही किंवा कडाक्याच्या थंडीत त्यातलं पाणी गोठून नळी तुंबली, तर दाब वाढून सील गळेल. तेव्हा कंपनीचा नकार रास्तच ठरेल. वाफ परत इंजिनात न नेता हवेत सोडणं तर अमेरिकेच्या प्रदूषण कायद्याविरुद्ध आहे आणि शेजाऱ्याच्या श्वासावर अन्याय आहे. म्हणून डबा बंद प्रकारचा हवा, तारखेसह सर्व्हिसची बिलं जपलेली हवीत आणि दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागायला हवं. डबा वाईट की चांगला, हा वाद मिस्त्री सोडवतील. वॉरंटी कोणाच्या शब्दावर तुटावी, याचं उत्तर मात्र फकीहांनी आणि 1975च्या कायद्याने एकच दिलं आहे: शब्दावर नाही, पुराव्यावर.