झाडाला पडायलाही जागा नाही

उल्हासनगरात पत्ता सांगताना लोक आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली. १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे बराकींना खोल्या जोडल्या गेल्या, खोल्यांवर मजले चढले. झाडं वाढत राहिली, त्यांच्याभोवतीची जागा संपली.

अशा गल्लीतला पिंपळ बुंध्यातून कापून आडवा पाडता येत नाही. आधी वीज बंद करायची, खालची घरं रिकामी करायची. मग शेंड्याकडून एकेक फांदी दोराने बांधून कापायची आणि हळूहळू खाली सोडायची. बुंधा शेवटी, तोही तुकड्या-तुकड्यांनी. घाईत, दोर न बांधता कापलेली फांदी पत्र्यावर कोसळताना मी पाहिली आहे. घरात कोणी नव्हतं, ही अल्लाची मेहेरबानी.

१९७५ च्या कायद्याने शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वेगळं संरक्षण दिलं. झाडाचं वय असं मोजलं जातं. भोवतीची जागा आपण मोजलीच नाही. अंबरनाथ-बदलापुरात अजून इमारती उभ्या राहताहेत. झाड लावणं हा सदका, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याला वाढायला जागा सोडणं हाही सदकाच.