एकच चिप, दोन कामं

काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रेखत जाई. ब्रिटनच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळत. ‘नवी ओळ’ हा इशारा वेळेवर आला नाही, तर चित्र विस्कटे.

असे इशारे आणि चित्र पुरवणारं वेगळं सर्किट महाग पडे. १९८० मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स-८० हा संगणक १०० पौंडांच्या आत विकायला काढला. त्यात हे काम बरंचसं मुख्य प्रोसेसरवरच सोपवलं होतं. तो आकडेमोडीकडे वळला, की पडदा कोरा! कळ दाबली तरी चित्र लुकलुके. १९८१ च्या झेडएक्स-८१ मध्ये चित्राच्या वर-खालच्या कोऱ्या पट्ट्यांच्या वेळात आकडेमोड उरकण्याची सोय झाली. चित्र टिकलं, पण वेग मंदावला.

पुढे हौशी मंडळींनी मायक्रोकंट्रोलरवर हेच तत्त्व वापरलं : दोन पिना, दोन रोध आणि ठोके मोजून लिहिलेला प्रोग्रॅम. शून्य व्होल्ट म्हणजे इशारा, ०.३ व्होल्ट म्हणजे काळा, १ व्होल्ट म्हणजे पांढरा.

वर्गात विचारू या : वाचवलेल्या पैशांची किंमत इथे आपण कशाने मोजतो? उत्तर आहे, वेळाने.