बावखल, आरक्षण आणि बाग

वसईच्या पश्चिम पट्ट्यात मोकळी जागा कोणती, हे नकाशावरून कळत नाही. कागदावर कोरा दिसणारा तुकडा श्रावणात जाऊन पाहावा; तिथे पाणी असते. हे बावखल. वाडीच्या कडेला खोदलेले हे तळे पावसाचे गोडे पाणी साठवी, जमिनीत मुरवी आणि खाऱ्या पाण्याला विहिरींपासून दूर ठेवी. त्याच ओलाव्यावर केळी, पानवेल, फुले, भाजीपाला पिकला. वसईची सुकेळी आपण चवीने खातो, पण तिच्यामागचे पाणी कुणाला आठवत नाही.

१९९० मध्ये या भागासाठी सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून नेमली गेली. वाड्यांवर शहर येणार, हे ओळखून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारले. त्यांचा आग्रह बागांसाठी नव्हता. पाणी आणि शेती राखली, तर हिरवाई वेगळी लावावी लागत नाही, असा त्याचा अर्थ मला लागतो. पुढे २००९ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. दरम्यान कित्येक बावखले भरावाखाली गेली. भराव पडला की तळ्याचा भूखंड होतो, आणि मग त्यावर बाग करावी की इमारत, असा प्रश्न निघतो!

मुंबईत क्रम निराळा होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत पाच उद्याने आखणीतच होती. घरे त्यांच्याभोवती उठली. वसई-विरारमध्ये बहुतेक ठिकाणी आधी चाळी आणि इमारती, मग आरक्षण. आरक्षणालाही मुदत आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरीव मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण संपते. ‘नियोजित उद्यान’ ही पाटी म्हणूनच फारशी भरवशाची नसते.

बिघडलेली जमीन सुधारता येते, याचा दाखला मिठी नदीकाठी आहे. धारावीच्या कचराभूमीवर सुमारे ३७ एकरांत झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. तिथे आज पक्षी पाहायला लोक जातात. पण बुजवलेले बावखल परत मिळवणे याहून अवघड, कारण तिथे झाडांइतकाच पाण्याच्या वाटेचा प्रश्न असतो.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडाले. रेल्वे थांबली, मिठागरातली माणसे अडकली. नंतर महापालिकेने निरी आणि मुंबई आयआयटीकडून अभ्यास करून घेतला. त्यात धारण तलाव करण्याची शिफारस आली. पाणी धरून ठेवणारी तळी! गावांनी ती खोदूनच ठेवली होती.

काही ठिकाणी तरुण मंडळी आता श्रमदानाने जलपर्णी आणि गाळ काढत आहेत. उरलेली बावखले जोडणारी एखादी पायवाट, कडेने जुनीच झाडे, बसायला दगडी कट्टा, एवढे झाले तरी वसईला हवी ती हरितवाट मिळेल. त्यासाठी आधी प्रत्येक बावखलाची गावनकाशावर आणि सातबाऱ्यावर ‘तळे’ म्हणून नोंद व्हायला हवी, पुढचा डंपर येण्यापूर्वी.